पास वेगळा, जागा वेगळी

नवीपेठेत चष्म्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून या.
पाटीवर ठळक: युरोप रेल्वे, अधिकृत विक्री प्रतिनिधी.
खाली बारीक: झेरॉक्स, पॅनकार्ड.
मी कुमुदिनी फिरके.
आडनाव फिरके, आणि फिरणं एवढंच:
घर, दुकान, बँक, घर.

दर तिमाहीला मुंबईचा साहेब पडद्यावर येतो.
त्याच्या मागे चिकटवलेला बर्फ.
म्हणतो, तिकीट विकू नका मॅडम, अनुभव विका.
मी वहीत उतरवून घेते:
अनुभव. सात टक्के.

गिऱ्हाईक चपला जिन्यात काढून येतं.
डाळमिलवाले, केळीचे दलाल,
लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला निघालेल्या आया,
पिशवीत डिंकाचे लाडू, वजनकाट्याची काळजी.
मी समजावते: हा पास. आणि ही जागा.
पास वेगळा, जागा वेगळी.
म्हणजे पास काढून उभं राहायचं?
नाही काका, काही गाड्यांना जागेचे निराळे पैसे.
मग पास कशाचा?
ह्या प्रश्नाला कंपनीचं सतरा पानी उत्तर आहे.
मी चहा सांगते.

शेनफडू बावस्कर शेंदुर्णीहून आले,
जिनिंगमधून रिटायर, मुलगा झ्युरिकला.
द्वारकाबाई सोबत, पदर दातात.
त्यांनी पुस्तिकेतल्या लाल गाडीवर बोट ठेवलं.
कमानीचा पूल, खाली दरी, वर हिम.
ही रूळं किती फुटाची?
सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
शोधून सांगितलं: एक मीटर.
ते हसले. आपली पीजे अडीच फुटाची.
म्हंजे माय, ही मोठी पीजेच.

आणि माझ्या तोंडून निघालं:
हो काका, पीजेच.
वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर,
फक्त मधे बर्फ.
तू सोता गेलती का तठी?
पीजेत गेलीय, म्हटलं.
त्यांनी सही केली. जागेचे पैसे न विचारता, दोघांचे.

त्या हंगामात एकोणीस पास विकले,
सगळे पाचोरा-जामनेरच्या भावाने.
साहेबानं विचारलं, टेक्निक काय?
म्हटलं, अनुभव.
तोवर पीजे बंद पडली होती,
रुळांत बाभळी उगवत होत्या.
हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.

जूनमध्ये बावस्कर आले, चॉकलेटची पेटी घेऊन.
कशी होती गाडी?
चांगली. लई चांगली. पन...
चढताना हिची चप्पल निसटली, फलाटावर राहिली.
ही उतरली घ्यायला.
गार्डानं घड्याळाकडे पाहिलं, हिच्याकडे नाही.
दार लागलं. मी आत, ही बाहेर.
शेंदुर्णीला असतं तं गार्डानं हात केला असता,
ड्रायव्हरनं शिटी दाबली असती,
कोनी तरी चप्पल फेकली असती डब्यात.
द्वारकाबाई म्हणाल्या, पुढली गाडी तासानं आली.
बाकावर एक म्हातारी होती, तिनं मला सफरचंद कापून दिलं.
आम्ही काही बोललो नाही, पन गप्पा झाल्या.
हे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या.

बावस्करांचा प्रश्न साधा होता.
हिची जागा रिकामी गेली बाजूला, तासभर.
तिचे पैसे परत भेटतीन का?

फॉर्म उघडला. कारण निवडा:
आजार. संप. गाडीला उशीर.
गाडीला तर उशीर झालाच नव्हता.
मी 'इतर' निवडलं, आणि लिहिलं: चप्पल.
नवव्या दिवशी उत्तर आलं, खेद वाटतो.
मी माझ्या सात टक्क्यांतून दिले नाहीत.
द्यावेसे वाटले, एवढंच. दुकानाचं भाडं थकलं होतं.

आता पास हातात देताना
सतरा पानांत नसलेली एक ओळ मी तोंडी सांगते:
पास वेगळा, जागा वेगळी,
आणि मागे पट्टा असलेली चप्पल घाला.
जिन्यातल्या चपलांकडे नजर जाते.
सगळ्या बिनपट्ट्याच्या.